‘जातो’ आणि ‘जाऊन राहिला’ : प्राथमिक वर्गांत इंग्रजी वर्तमानकाळाचे अध्यापन

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी हा विषय पूर्वी पाचव्या इयत्तेपासून शिकविला जात असे. २००० सालापासून तो पहिलीपासून सुरू झाला. त्यामुळे चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील लहान गावांच्या शाळांत, जेथे दोन शिक्षक सर्व वर्ग सांभाळतात, तेथेही सहा वर्षांच्या मुलाच्या कानांवर इंग्रजी शब्द पडू लागले. प्राण्यांची नावे, रंग, अंक आणि बडबडगीते येथपर्यंतचा प्रवास बहुतेक मुले आनंदाने करतात. पुढे वाक्य बोलण्याची वेळ आली, म्हणजे मात्र वर्ग शांत होऊ लागतो. या शांततेचे एक मोठे कारण वर्तमानकाळाच्या दोन रूपांत दडलेले आहे.

चौथी-पाचवीच्या वह्यांत तीन प्रकारची वाक्ये वारंवार दृष्टीस पडतात : ‘आय अ‍ॅम गो टु स्कूल’, ‘ही प्लेइंग’, आणि ‘शी इज गोज’. (या लेखात इंग्रजी वाक्ये देवनागरीत दिली आहेत, फळ्यावर ती अर्थातच रोमन लिपीत लिहावीत.) शिक्षक ती लाल शाईने सुधारतात, विद्यार्थी सुधारलेली वाक्ये पाच वेळा लिहून आणतात, आणि पुढील आठवड्यात तीच चूक पुन्हा घडते. पाच वेळा लिहूनही जी चूक जात नाही, तिचे मूळ निष्काळजीपणात नसते. ते शोधल्यावाचून उपाय सापडणार नाही.

चुकीचे मूळ

मराठी व्याकरणात साधा, अपूर्ण, पूर्ण आणि रीति असे वर्तमानकाळाचे प्रकार सांगितले आहेत. ‘तो जातो’ हा साधा आणि ‘तो जात आहे’ हा अपूर्ण. यावरून असे वाटते, की साध्याला साधे आणि अपूर्णाला अपूर्ण इंग्रजी रूप जोडून दिले म्हणजे काम संपले. व्यवहारातील मराठी मात्र या चौकटीत बसत नाही. रस्त्याने चाललेल्या माणसाला प्रमाण मराठी बोलणारा ‘कुठे जातोस?’ असेच विचारतो. जाण्याची क्रिया त्या क्षणी डोळ्यांसमोर चालू असूनही क्रियापद साध्या वर्तमानकाळाचे असते. ‘काय करतोस?’ या प्रश्नाला ‘अभ्यास करतो’ असे उत्तर मिळते. तो अभ्यास रोजचा की आत्ताचा, हे प्रसंगावरून ओळखावे लागते. घरातून निघणारा मनुष्य ‘येतो’ म्हणतो, तेव्हा तर ती क्रिया अजून घडावयाचीच असते.

इंग्रजीत अशी मोकळीक नाही. रोजची क्रिया आणि आत्ता चालू असलेली क्रिया यांसाठी ती भाषा दोन वेगळी रूपे वापरते, आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. मुलाला ‘जातो’ म्हणजे ‘गो’ असे सांगितले, म्हणजे रस्त्याने चालणाऱ्या माणसाकडे पाहून तो ‘ही गो’ म्हणणारच. ‘आहे’ म्हणजे ‘इज’ असे त्याला आधीच शिकविलेले असते. म्हणून ‘जात आहे’ याची शब्दशः जुळणी तो ‘इज गो’ अशी करतो. मुलाने येथे आळस केलेला नसतो. उलट, दिलेले नियम त्याने प्रामाणिकपणे लावलेले असतात.

भाषांतराच्या पद्धतीने इंग्रजी शिकविण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने महाराष्ट्रातील अनेक पिढ्यांना इंग्रजी वाक्यरचना शिकविली, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु त्या मार्गाने जाणाऱ्या विद्यार्थ्याचे प्रमाण मराठी पक्के झालेले असावे लागते. सहा-सात वर्षांच्या मुलाला तो मार्ग कठीण जातो. आणि ज्या मुलाच्या घरी प्रमाण मराठी बोललीच जात नाही, त्याला तर एका अनोळखी भाषेच्या आधाराने दुसरी अनोळखी भाषा शिकावी लागते.

बोलीतील भेद

या दोन जिल्ह्यांच्या बोलीत एक सोय आहे, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. येथील मूल रोजच्या क्रियेसाठी ‘बाबा वावरात जाते’ किंवा ‘जातो’ म्हणेल. पण बाबा त्याच क्षणी वावराच्या वाटेवर असतील, तर ते ‘बाबा वावरात जाऊन राहिला’ असे म्हणेल. उच्चारात ते ‘रायला’ असेही होते. ‘पाऊस पडते’ आणि ‘पाऊस पडून राहिला’ यांत हे मूल कधीही गोंधळत नाही. पहिले वाक्य पावसाळ्याविषयी आहे आणि दुसरे अंगणातल्या पावसाविषयी, हे त्याला शाळेत येण्यापूर्वीच ठाऊक असते. पुण्याच्या मुलाला ‘काय करतोस?’ या एका प्रश्नात जे दोन अर्थ घ्यावे लागतात, ते विदर्भातील मूल ‘काय करते?’ आणि ‘काय करून राहिला?’ अशा दोन प्रश्नांत वेगवेगळे ठेवते.

इंग्रजी जो भेद मागते, तो जवळजवळ हाच आहे. ‘ही गोज’ म्हणजे ‘तो जाते’, आणि ‘ही इज गोइंग’ म्हणजे ‘तो जाऊन राहिला’. ज्या बोलीला वर्गात अशुद्ध म्हणून टोकले जाते, तीच येथे प्रमाण मराठीहून अधिक उपयोगी पडते.

बोलीला वर्गात स्थान दिल्यास मराठी बिघडेल, अशी शंका काही शिक्षक घेतील. मराठीच्या तासाला लेखनात ‘जात आहे’ हेच रूप शिकवावे, यात वाद नाही. इंग्रजीच्या तासाला अर्थ पोहोचविण्यासाठी मात्र मुलाजवळ जे शब्द आहेत, तेच हाती घ्यावेत. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये शिक्षणाचे माध्यम शक्य तेथवर मुलाची मातृभाषा असावे आणि मूल भीतीपासून मुक्त असावे, या दोन्ही गोष्टी सांगितल्या आहेत. आपल्या घरचे बोलणे गुरुजींना चालते, एवढे कळले तरी मुलाची निम्मी भीती जाते.

आधी कोणते रूप?

अनेक ठिकाणी साधा वर्तमानकाळ आधी शिकवितात. कारण ‘गो’, ‘ईट’, ‘रन’ ही रूपे लहान दिसतात. परंतु लहान रूप म्हणजे सोपा अर्थ नव्हे. ‘रोज’ ही कल्पना वर्गात दाखविता येत नाही. ‘आत्ता’ दाखविता येते. म्हणून चालू क्रियेचे रूप आधी घ्यावे.

इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे, अशा मुलांचा क्रमही येथे पाहण्यासारखा आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ रॉजर ब्राउन यांनी तीन लहान मुलांच्या बोलण्याचा दीर्घ काळ अभ्यास करून १९७३ साली आपले निष्कर्ष ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. व्याकरणातील चौदा लहान घटक मुले कोणत्या क्रमाने आत्मसात करतात, हे त्यांनी तपासले. त्यांत क्रियापदाला लागणारा ‘इंग’ हा पहिल्या क्रमांकावर आढळला. ‘ही गोज’ मधील ‘स’ किंवा ‘ज’ पुष्कळ नंतर येतो, आणि ‘इंग’च्या आधीचे ‘अ‍ॅम, इज, आर’ तर अगदी शेवटी स्थिर होतात. ज्यांची ती मायबोली आहे, ती मुलेही बराच काळ ‘ही गोइंग’ म्हणतात. मग एटापल्लीच्या किंवा सिंदेवाहीच्या मुलाने काही महिने तसे म्हटले, तर त्यात काळजीचे कारण नाही.

पाठ पहिला : डोळ्यांसमोरची क्रिया

हेतू : चालू असलेली क्रिया ‘इज’ आणि ‘इंग’ यांसह सांगता येणे.
साहित्य : खराटा, पुस्तक, पाण्याचा पेला, चेंडू.

पूर्वतयारी : शिक्षकाने एका मुलाला खराटा देऊन वर्ग झाडावयास सांगावे आणि इतरांना विचारावे, ‘रमेश काय करून राहिला?’ मुले ‘झाडून राहिला’ असे उत्तर देतील. एवढेच मराठी बोलणे पुरे.

प्रतिपादन : रमेश झाडत असतानाच शिक्षकाने ‘रमेश इज स्वीपिंग’ हे वाक्य तीनदा स्पष्ट म्हणावे. वर्गाने ते म्हणावे. रमेश थांबताच वर्गानेही थांबावे. पुन्हा तो झाडू लागला की वाक्य पुन्हा सुरू व्हावे. याच रीतीने ‘रीडिंग’, ‘रायटिंग’, ‘ड्रिंकिंग’, ‘वॉकिंग’ घ्यावेत. त्यानंतर ‘व्हॉट इज ही डूइंग?’ हा प्रश्न आणि शेवटी करणाऱ्याच्या तोंडी ‘आय अ‍ॅम स्वीपिंग’ हे वाक्य यावे.

या पाठात दोन गोष्टींची दक्षता घ्यावी. क्रिया संपल्यानंतर वाक्य म्हणू नये. पाणी पिऊन पेला खाली ठेवल्यावर ‘शी इज ड्रिंकिंग’ म्हटले, तर अर्थ नेमका उलटा पोहोचतो. तसेच क्षणात संपणाऱ्या क्रिया निवडू नयेत. दार उघडणे, दिवा लावणे, खडू टाकणे या क्रिया वाक्य पूर्ण होण्यापूर्वीच संपतात. झाडणे, चालणे, लिहिणे या टिकणाऱ्या क्रिया घ्याव्यात.

जेथे पहिली ते चौथीचे वर्ग एकाच खोलीत बसतात, तेथे ही अडचण सोयीची ठरते. पहिलीच्या मुलांनी क्रिया करावी आणि तिसरी-चौथीच्या मुलांनी वाक्य सांगावे. लहान मूल ऐकून शिकते, मोठे बोलून शिकते, आणि एकही वर्ग रिकामा बसत नाही. आज्ञा ऐकून अंगाने कृती करण्यातून भाषा शिकविण्याची पद्धत अमेरिकेतील जेम्स अ‍ॅशर यांनी १९६० च्या दशकात मांडली. बहुवर्ग शाळेस ती फार अनुकूल आहे.

पाठ दुसरा : नित्याची क्रिया

हेतू : रोज किंवा दरवर्षी घडणारी क्रिया साध्या रूपाने सांगता येणे.
साहित्य : फळ्यावर काढलेले सूर्याचे तीन चित्र-प्रसंग : सकाळ, दुपार, संध्याकाळ.

हा पाठ पहिल्या पाठानंतर किमान तीन-चार आठवड्यांनी घ्यावा. शिक्षकाने विचारावे, ‘रोज सकाळी तुम्ही काय करता?’ मुले उठणे, तोंड धुणे, पाणी आणणे, शाळेत येणे अशा गोष्टी सांगतील. त्यांच्याच क्रमाने ‘आय गेट अप’, ‘आय फेच वॉटर’, ‘आय गो टु स्कूल’ ही वाक्ये सूर्याच्या चित्राखाली मांडावीत. पहिले काही दिवस ‘आय’, ‘वी’, ‘यू’, ‘दे’ एवढेच कर्ते घ्यावेत; म्हणजे क्रियापदात बदल करण्याचा प्रश्न येत नाही.

या पाठात मुलांकडून अभिनय करून घेऊ नये. ‘आय ईट राइस’ म्हणताना मुलाने जेवण्याचा अभिनय केला, की ती क्रिया डोळ्यांसमोर चालू होते, आणि पहिल्या पाठात मिळविलेला भेद पुसला जातो. मुलांनी हात बांधून, सूर्याच्या चित्राकडे पाहून वाक्ये म्हणावीत.

वर्षाचे चक्रही येथे उपयोगी पडते. मोहाची फुले वेचणे, तेंदूची पाने तोडणे, धानाची रोवणी, कापणी ही कामे मुलांनी डोळ्यांनी पाहिलेली आणि हातांनी केलेली असतात. मार्च महिन्यात पहाटे घरातील माणसे मोहफुले वेचावयास जातात. मग ‘वी पिक मोहा फ्लॉवर्स इन मार्च’ या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

पाठ तिसरा : दोन्ही रूपे समोरासमोर

जुलै-ऑगस्टमध्ये शाळेच्या ओसरीतून समोरच्या बांधीत रोवणी चाललेली दिसते. त्या वेळी मुलांना बाहेर आणून ‘दे आर प्लांटिंग पॅडी’ हे वाक्य घ्यावे. जानेवारीत त्याच ओसरीत उभे करून तीच बांधी दाखवावी आणि विचारावे, ‘आर दे प्लांटिंग पॅडी नाऊ?’ मुले ‘नो’ म्हणतील. मग ‘दे प्लांट पॅडी इन जुलै’ हे वाक्य द्यावे. जागा तीच, माणसे तीच, काम तेच. बदलला तो फक्त काळाशी असलेला संबंध. व्याकरणाचे दोन तास जे सांगू शकत नाहीत, ते ही रिकामी बांधी सांगते.

दुसरे उदाहरण एस.टी.च्या चालकाचे घ्यावे. गाडी थांब्यावर उभी आहे आणि चालक टपरीवर चहा घेत आहे. ‘ही ड्राइव्हज अ बस. ही इज ड्रिंकिंग टी.’ तो गाडी चालवते, पण आत्ता चहा पिऊन राहिला. मनुष्य रोज जे करतो ते आणि या क्षणी जे करीत आहे ते, ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असू शकतात, हे मुलाला कळले म्हणजे दोन रूपांची गरज त्याला आपोआप पटते. अशीच उदाहरणे मुलांकडून काढून घ्यावीत : शिकविणारे गुरुजी जे आत्ता जेवत आहेत, स्वयंपाक करणारी आई जी आत्ता वावरात निंदण करीत आहे.

‘स’ची अडचण

‘ही’, ‘शी’, ‘इट’ आणि एका व्यक्तीचे नाव यांच्यापुढे साध्या रूपाला ‘स’ लागतो. अर्थाला त्याने काहीच भर पडत नाही, म्हणून कान तो सहज सोडून देतो. त्यातून मराठीत ‘जातात’ हे अनेकवचन लांब असते, तर इंग्रजीत एकवचनालाच शेपूट लागते. त्यामुळे पुष्कळ मुले ‘दे गोज’ असे उलटे लावतात. यावर नियमापेक्षा सराव बरा. एका मुलाने ‘आय फेच वॉटर’ म्हणावे आणि शेजाऱ्याने त्याच्याकडे बोट दाखवून ‘ही फेचेस वॉटर’ म्हणावे. अशी जोडीची साखळी रोज पाच मिनिटे वर्गभर फिरवावी. प्रश्नार्थक व नकारार्थी वाक्यांत ‘डज’ आल्यावर तो ‘स’ क्रियापदावरून निघून जातो, हे प्रकरण साखळी पक्की होईपर्यंत उघडू नये.

बोलीचा आधार कोठे पुरत नाही?

बोलीचा पूल बळकट असला, तरी तीन ठिकाणी तो अपुरा पडतो. शिक्षकाला ती ठिकाणे ठाऊक असावीत.

पहिले, पाहणे-जाणणे-आवडणे यांची क्रियापदे. बोलीत ‘मला दिसून राहिलं’ असे सहज म्हणतात. त्यावरून मूल ‘आय अ‍ॅम सीइंग’ म्हणेल. ‘सी’, ‘नो’, ‘लाइक’, ‘वाँट’ ही चार क्रियापदे लहान वर्गांत ‘इंग’शिवायच वापरावीत. ‘आय सी अ बर्ड’, ‘आय लाइक मँगोज’ अशी वाक्ये अखंड शिकवावीत.

दुसरे, बसणे-उभे असणे. मराठीत ‘बसला आहे’, बोलीत ‘बसून आहे’. येथे ‘राहिला’ येत नाही. इंग्रजीत मात्र ‘ही इज सिटिंग’. ‘स्टँडिंग’, ‘स्लीपिंग’ आणि टोपी घातली आहे या अर्थीचे ‘वेअरिंग’ यांचेही तसेच. ही चार वाक्ये चित्रावरून स्वतंत्रपणे घ्यावीत.

तिसरे, निघतानाचे ‘येतो’. मुलाने ते शब्दशः ‘आय कम’ असे केल्यास त्याला ‘आय अ‍ॅम गोइंग’ हे वाक्य द्यावे आणि पुढे जावे.

मराठीखेरीज इतर भाषा बोलणारी मुले

भामरागड, एटापल्ली, धानोरा या भागांत गोंडी व माडिया, सिरोंचा भागात तेलुगू, आणि मुलचेरा परिसरातील अनेक गावांत बंगाली ही घरची भाषा आहे. या मुलांना मराठी येत नाही, म्हणून इंग्रजीही येणार नाही, असा समज काही ठिकाणी असतो. तो निराधार आहे. तेलुगूत ‘वेळ्ताडु’ म्हणजे तो जातो आणि ‘वेळ्तुन्नाडु’ म्हणजे तो आत्ता जात आहे. बंगालीत ‘जाय’ आणि ‘जाच्छे’ असाच भेद करतात. म्हणजे इंग्रजीला हवा असलेला भेद या मुलांच्या घरी रोज बोलला जातो. गोंडी-माडिया भागात नव्याने गेलेल्या शिक्षकाने गावातील एखाद्या जाणत्या माणसास दोन वाक्ये विचारावीत : ‘तो रोज पाणी आणतो’ आणि ‘तो बघा, पाणी आणत आहे’. दोन्ही उत्तरे वहीत लिहून ठेवावीत आणि पाठाच्या पूर्वतयारीत तीच वापरावीत. या एका चौकशीने वर्गाचे दार उघडते.

आणखी एक गोष्ट. मराठीत ‘तो जातो, ती जाते’ असे लिंगाप्रमाणे क्रियापद बदलते. तेलुगू व गोंडी या द्राविडी कुळातील भाषांत एकवचनी क्रियापदात पुरुष एका बाजूस, तर स्त्री आणि इतर सर्व दुसऱ्या बाजूस असतात. बंगालीत क्रियापदाला लिंगच नसते. त्यामुळे ही मुले मराठी बोलताना चुकतात आणि मागे पडलेली समजली जातात. इंग्रजीत ‘ही गोज, शी गोज’ असे एकच रूप आहे. येथे मराठी मुलाला कोणतीही आघाडी नाही; सर्व मुले एकाच रेषेवरून धावू लागतात. मराठीच्या तासाला मागे राहणारे मूल इंग्रजीच्या तासाला पुढे येऊ शकते, आणि शिक्षकाने तशी संधी त्याला मुद्दाम द्यावी.

तपासणीविषयी

तोंडी कामात मूल बोलत असताना त्याला मध्येच अडवू नये. ‘ही प्लेइंग’ असे तो म्हणाला, तर शिक्षकाने मान डोलावून ‘येस, ही इज प्लेइंग’ असे पूर्ण वाक्य स्वतः म्हणावे. एवढी सुधारणा पुरे. वहीत एका वेळी एकाच प्रकारची चूक दुरुस्त करावी. ‘स’ गळाला म्हणून तिसरीच्या मुलाचे गुण कापू नयेत; रोजचे आणि आत्ताचे यांत गोंधळ झाला असेल, तर मात्र पाठ पुन्हा घ्यावा, कारण तेथे अर्थच चुकलेला असतो. चाचणीसाठी एक चित्र पुरेसे आहे : थांब्यावर उभी गाडी, चहा पिणारा चालक, आणि दोन प्रश्न. दोन्ही उत्तरे वेगळ्या रूपांत आली, की हेतू साध्य झाला असे समजावे.

पाचवीतून सहावीत जाणाऱ्या मुलाला सर्व काळांची कोष्टके आली नाहीत, तरी चालेल. ती पुढे येतील. परंतु जे मूल समोर चाललेली गोष्ट पाहून एक वाक्य निर्भयपणे बोलते आणि रोज घडणारी गोष्ट दुसऱ्या वाक्यात सांगते, त्याला पुढचे व्याकरण ओझे वाटत नाही. ज्याने पाच वर्षे गप्प राहून काढली, त्याला मात्र कोष्टक पाठ असूनही बोलता येत नाही. या दोहोंतील अंतर शिक्षकाच्या पहिल्या प्रश्नावर पुष्कळसे अवलंबून असते. तो प्रश्न मुलाच्या भाषेत असावा : ‘काय करून राहिला?’